झाडे लावणारे पुष्कळ, राखणारे कोण?

दर वर्षी मे महिना आला की मुंबई, पुणे, ठाणे यांसारख्या शहरांत रस्त्याकडेच्या झाडांची छाटणी सुरू होते. टेम्पोतून दोर, कोयते आणि यांत्रिक करवत घेऊन चार-पाच माणसे येतात, दुपारपर्यंत फांद्यांचा ढीग रचतात आणि निघून जातात. तरीही पावसाळ्यात झाडे पडतात आणि कधी त्यांखाली माणसे मरतात. मग दोन मते उमटतात. एका मताप्रमाणे धोकादायक झाडे काढूनच टाकावीत. दुसऱ्या मताप्रमाणे झाडांची कत्तल चालली असून ती रोखावी. या वादात ज्याच्या हाती करवत असते त्या कामगाराचा विचार कोणीच करीत नाही. वस्तुतः शहरातील झाड उभे राहणार की कोसळणार, हे बऱ्याच अंशी त्याला काय शिकविले गेले आहे यावर अवलंबून असते.

महाराष्ट्रात नागरी भागांतील झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ पासून आहे. वृक्ष प्राधिकरण, तोडीसाठी परवानगी, ठराविक काळाने वृक्षगणना आणि उल्लंघनाबद्दल शिक्षा ही त्याची मुख्य अंगे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जाही मिळाला. या तरतुदींचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु कायद्याचा भर परवानगीवर आणि दंडावर आहे. झाड लावणे आणि झाड तोडणे या दोन घटनांची नोंद होते. त्या दोहोंमधील पन्नास-साठ वर्षांची देखभाल कोणी, कोणत्या ज्ञानाच्या आधारे करावयाची, हा प्रश्न मोकळाच राहतो.

हे ज्ञान म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे. त्याची पहिली पायरी झाड ओळखण्याची. फुले नसताना गुलमोहर आणि सोनमोहर सहज सारखे वाटतात. पण गुलमोहराची शेंग तलवारीसारखी लांब आणि कठीण, तर सोनमोहराची आखूड, चपटी, तांबूस असते. सरळसोट उंच वाढणाऱ्या आसुपालवाला लोक सर्रास अशोक म्हणतात; खरा सीतेचा अशोक वेगळा. ही निव्वळ विद्वत्तेची हौस नव्हे. गुलमोहराचे लाकूड ठिसूळ, वड-पिंपळाची मुळे भिंतीत शिरणारी, पर्जन्यवृक्षाचा पसारा प्रचंड. ज्याला झाडाचे नाव कळत नाही, त्याला त्याचा स्वभावही कळत नाही आणि मग सर्व झाडांवर एकच कोयता चालतो.

दुसरी पायरी जखमेची. अमेरिकेच्या वनसेवेतील वनस्पतिरोगतज्ज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडे उभी चिरून जे सिद्ध केले, ते १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले. माणसाची जखम भरून येते, झाडाची येत नाही. झाड सडलेल्या भागाभोवती आतून भिंती उभारून त्याला कोंडून टाकते. फांदीच्या बुडाशी जी फुगीर कड असते, तिच्यात ही शक्ती असते. ती कड राखून कापले तर जखम हळूहळू झाकली जाते. खोडाशी सपाट कापले तर कुजण्याला दार उघडते. लांब खुंट ठेवला तरी तेच. त्यावर डांबर वा रंग फासल्याने कूज थांबत नाही.

झाडाचा शेंडाच उडविला, तर कापल्या जागी कोंबांचे झुबके फुटतात. ते वेगाने वाढतात, पण त्यांची पकड वरवरची असते. म्हणजे धोका टाळण्यासाठी केलेली छाटणी काही वर्षांनी नवा धोका निर्माण करते. फांद्या एकाच बाजूच्या उतरविल्या तर झाडाचा तोल जातो. आणि वादळात कोसळलेल्या कित्येक झाडांचे खरे मारेकरी जमिनीखाली असतात. झाडाची बहुतेक मुळे वरच्या दीड-दोन फूट मातीत, पर्णसंभाराच्या बाहेरपर्यंत पसरलेली असतात. केबल, गटार, पदपथ यांसाठी खणलेला प्रत्येक चर ती तोडतो आणि बुंध्यापर्यंत ओतलेले काँक्रीट त्यांची हवा व पाणी बंद करते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतील एका प्रकरणात झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला, तो याच कारणाने. बुंध्याशी उगवलेली कठीण भूछत्रे आतल्या कुजीची खूण असतात. ती वाचता येणारा माणूस पाऊस येण्यापूर्वीच इशारा देऊ शकतो.

मग असा माणूस का तयार होत नाही? येथे प्रश्न वनस्पतिशास्त्राचा न राहता अर्थकारणाचा होतो. आपल्या सार्वजनिक हिशेबात नवी निर्मिती दिसते, जतन दिसत नाही. राज्य सरकारने २०१६ मध्ये दोन कोटी, २०१७ मध्ये चार कोटी, २०१८ मध्ये तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी रोपे लावण्याचे लक्ष्य जाहीर केले. रोप लावण्याचा समारंभ होतो. रोपाला तिसऱ्या उन्हाळ्यात पाणी घालण्याचा होत नाही. एका जुन्या झाडाच्या बदल्यात काही रोपे, ही देवघेव कागदावर फायद्याची ठरते. परंतु सावली मोजली तर ती दोन पिढ्यांचे दिवाळे आहे. आणि ही सावली कोणाची? ज्यांच्या घरी व मोटारीत वातानुकूलन आहे त्यांचे तिच्यावाचून अडत नाही. फेरीवाला, बांधकाम मजूर, बसच्या रांगेतील स्त्री, नाक्यावर काम शोधणारा बिगारी यांचे अडते. रस्त्यावरचे झाड ही गरिबाची मालमत्ता आहे आणि म्हणूनच ती सर्वांत स्वस्तात विकली जाते.

देखभालीचे हे काम बहुतेक ठिकाणी कंत्राटावर दिले जाते. कंत्राटदाराचे हित फांद्या लवकर उतरविण्यात असते, झाड पुढील वीस वर्षे निरोगी राहण्यात नव्हे. यंदा छाटणारा कामगार पुढच्या वर्षी त्याच झाडाकडे येईलच असे नाही. त्यामुळे आपल्या कापाचा परिणाम पाहून शिकण्याची संधीच त्याला मिळत नाही. वीजवाहक तारांलगत, पुष्कळदा पट्टा आणि शिरस्त्राण यांवाचून तो वर चढतो. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने घालून दिलेली कसोटी अशी होती की काम बारमाही स्वरूपाचे आहे काय. मुंबईची २०१८ ची वृक्षगणना सुमारे २९ लाख ७५ हजार झाडे सांगते. एवढ्या झाडांची निगा हे मे महिन्यापुरते काम आहे, असे कोण म्हणू शकेल?

यावर एक आक्षेप पर्यावरणवादी मित्रांकडून येतो: झाडाला हात लावणे हीच हिंसा. आरेमध्ये २०१९ च्या ऑक्टोबरात रात्रीतून झाडे पाडली गेली, तेव्हा उसळलेला संताप न्याय्य होता. पण त्या संतापातून करवत धरणारा प्रत्येक हात शत्रूचा मानला, तर चळवळ आपला स्वाभाविक साथी गमावते. योग्य छाटणी ही शुश्रूषा आहे आणि पोकळ झालेले झाड वेळीच उतरविणे हे माणसांचे रक्षण आहे. दुसरा आक्षेप पैशाचा. तो करणाऱ्यांनी पडलेल्या झाडांमुळे होणारे मृत्यू, मोडलेल्या गाड्या आणि खंडित वीजपुरवठा यांचा खर्च आधी मांडावा.

तेव्हा मागण्या स्पष्ट आहेत. प्रत्येक महापालिकेत झाडांच्या निगेसाठी कायम, प्रशिक्षित कामगारांचे पथक हवे. औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि कृषी विद्यापीठे यांनी त्याचा अभ्यासक्रम द्यावा आणि आज करवत चालविणाऱ्यांना त्यात पहिला प्रवेश मिळावा. सुरक्षासाधने व विमा ही मेहेरबानी नसून अट असावी. चर खणण्याच्या परवान्यावर वृक्ष अधिकाऱ्याची सही लागावी. कार्यकर्त्यांना आजही करता येण्याजोगे काम आहे: आपल्या प्रभागातील झाडे नावानिशी ओळखावीत, काँक्रीटने आवळलेले बुंधे मोजून यादी प्रभाग समितीपुढे ठेवावी आणि छाटणीला येणाऱ्या कामगारांशी बोलावे, त्यांची मजुरी, त्यांचे अपघात, त्यांची माहिती टिपून घ्यावी. वृक्षप्रेमी संघटना आणि महापालिका कामगारांची युनियन एका बैठकीत बसल्या, तर झाड आणि कामगार दोघेही वाचतील. त्या वेगळ्या राहिल्या, तर कंत्राटदाराची मात्र दरसाल सोय होत राहील.