विश्लेषण : पाठाचे टाचण कोणासाठी, मुलांसाठी की तपासणीसाठी?

मोर्शी : ‘विद्यार्थ्यांना चार अंकी संख्यांची माहिती देणे.’ तिसरीच्या गणिताच्या टाचणात उद्दिष्ट म्हणून एवढेच लिहिले, तर तास संपताच ते पूर्ण झालेले असते. शिक्षकांनी माहिती दिली. मुलांना काय आले, हे त्या वाक्यातून कधीच कळत नाही.

चूक कुठे आहे?

या वाक्याचा कर्ता शिक्षक आहे. एनसीईआरटीने २०१७ मध्ये आणलेल्या ‘अध्ययन निष्पत्तीं’नी कर्ता बदलला, मूल काय करू शकेल, ते लिहायचे. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’मध्येही तिसरीचे लक्ष्य तसेच आहे. मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचणे आणि ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता येणे. मुदत २०२६-२७. पण हे झाले वर्षाचे लक्ष्य. एका तासाचे उद्दिष्ट याहून बरेच लहान हवे. उदाहरणार्थ, ‘मूल चार हजार पस्तीस ही संख्या ऐकून अंकांत लिहील आणि शतकस्थानी शून्य का, ते सांगेल.’ अनेक मुले इथेच ४०००३५ लिहून मोकळी होतात. नेमकी हीच चूक डोळ्यांसमोर ठेवून तास आखायचा.

मग संत्रा कशाला?

मोर्शी-वरूड पट्ट्यात संत्र्याचा सौदा हजार फळांच्या हिशेबानेही होतो. बागमालकाच्या मुलाला आणि तोडणीला जाणाऱ्या मजुराच्या मुलालाही तो घरात ऐकून ठाऊक असतो. चार हजार पस्तीस संत्री म्हणजे हजाराचे चार ढीग, शंभराचा एकही नाही, दहाचे तीन आणि सुटी पाच. शंभराचा ढीगच नाही, म्हणून शून्य! फळ्यावर गोल काढले तरी भागते. मात्र संत्र्याचे चित्र रंगवण्यातच तास गेला, तर मुले रमतात आणि गणित राहून जाते. ‘आनंददायी’ म्हणवणारे कितीतरी तास असेच वाया जातात.

वरच्या वर्गांसाठी सिंभोऱ्याचे अप्पर वर्धा धरण जवळच आहे. पावसाळ्यात त्याच्या १३ पैकी काही दारे उघडली, की विसर्गाचा आकडा घनमीटर प्रतिसेकंदात येतो. एक घनमीटर म्हणजे १००० लिटर. गावाची पाण्याची टाकी त्या विसर्गात किती सेकंदांत भरेल, हा प्रश्न घनफळाच्या धड्यात सहज बसतो.

शिक्षकांना हे जमेल का?

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये अभ्यासक्रम वेळेत पूर्ण करणे आणि प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेनुसार जादा शिकवणे, ही दोन्ही कर्तव्ये आहेत. तपासणीत पहिले सहज दिसते, दुसरे दिसत नाही. त्यात ६० पर्यंत पट असेल तर कायद्यानुसार पहिली ते पाचवीला दोनच शिक्षक. एका तासाला दोन-तीन वर्ग सांभाळणाऱ्याकडून प्रत्येक विषयाचे पानभर टाचण मागितले, तर ते मागच्या वर्षीच्या वहीतून उतरणारच. त्यापेक्षा तीन ओळी पुरेत. मूल काय करून दाखवेल, कशातून शिकेल आणि शेवटच्या पाच मिनिटांत पाटीवर कोणता एक प्रश्न सोडवेल. निम्म्या पाट्या चुकल्या, तर उद्याचा धडा पुढे न्यायचा नाही, एवढी मोकळीक शिक्षकाला हवी. आणि केंद्रप्रमुखांनी वहीवर सही करण्याआधी वर्गातल्या चार-पाच पाट्या पाहाव्यात.