आठशेला पॉवर स्टेअरिंग? आधी टायरची हवा बघा!

आमची २००४ ची मारुती ८००, आबा बाजाराला तीच नेतात. स्टेअरिंग जड झालं म्हणून एक मेकॅनिक म्हणाला, भंगारातली इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग बसवू, वीस हजार. मी साफ नाही म्हटलं. अहो, साडेसहाशे किलोची गाडी, बारा इंची चाकं. ती काय लोडर लावलेला ट्रॅक्टर आहे? नवी होती तेव्हा आबाच एका हाताने वळवायचे!

बघितलं तर पुढच्या टायरमध्ये हवा निम्मी, रॅकचं रबरी बूट फाटून आत चिखल. बूट, ग्रीस, अलाइनमेंट, सगळं दोन हजारांत.

मोटर बसवायची तर स्टेअरिंगचा रॉड कापून वेल्डिंग मारणार. शेतातल्या फणाचं वेल्डिंग सुटलं तर फण पडतो. हे घाटात सुटलं तर? शिवाय उभ्या गाडीत चाक वळवताना मोटर दाबून करंट ओढते, आठशेचा अल्टरनेटर तो केवढासा.

खांदा खरंच निकामी असेल तर गोष्ट वेगळी. मग गाडी विका, त्यात वीस हजार घाला अन् कंपनीतूनच पॉवर स्टेअरिंग आलेली जुनी गाडी बघा.