कुणाच्या घड्याळाचे नऊ?

पदांग बेसार स्टेशन मलेशियाच्या हद्दीत आहे, पण तिथे येणारी थाई गाडी थायलंडच्या वेळेने धावते आणि मलेशियाची गाडी मलेशियाच्या. फरक एका तासाचा. थायलंडहून आलेला प्रवासी मनगटावर आठ वाजलेले पाहतो, पुढच्या तिकिटावर नऊ वाचतो आणि निवांत खायला बसतो. गाडी तेव्हाच सुटत असते.

पोर्तुगालमधल्या पोर्तोहून स्पेनमधल्या व्हिगोला जाताना वेळापत्रकात तीन तासांहून अधिक दिसतात, परतताना जेमतेम दीड. रूळ तेच, गाडी तीच, घड्याळे मात्र दोन.

आपल्या शेजारचे फरक याहून बेरकी आहेत. बांगलादेश अर्धा तास पुढे, पाकिस्तान अर्धा तास मागे आणि नेपाळ फक्त पाव तास पुढे. सात-आठ तासांचा फरक कुणी विसरत नाही. पाव तासाचा हमखास विसरतो. बिहारमधल्या जयनगरहून जनकपूरकडे जाणाऱ्या गाडीला हाच पाव तास ओलांडावा लागतो. त्यात २००९ मध्ये बांगलादेशाने घड्याळे काही महिने तासभर पुढे केली आणि कोलकाता-ढाका मैत्री एक्सप्रेसच्या दोन टोकांत दीड तासाची तफावत पडली. (मुंबईकरांनी हसू नये. प्रमाणवेळ आल्यावरही ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ या शहराने १९५५ पर्यंत जपली होती.)

मोबाइल सांभाळून घेईल म्हणावे, तर सीमेवर तो पलीकडच्या टॉवरला चिकटतो आणि गुपचूप वेळ बदलतो. ॲपचेही तसेच. जीटीएफएस या वेळापत्रकांच्या माहितीसाठी जगभर चालणाऱ्या नमुन्यात परदेशातल्या थांब्याची वेळसुद्धा गाडी चालवणाऱ्या संस्थेच्या घड्याळाने लिहायची असते. तिथली वेळ करून दाखवणे ॲपवर सोपवलेले. ते त्याने केले की नाही, हे प्रवाशाला कळत नाही.

रशियाने २०१८ च्या ऑगस्टपर्यंत व्लादिवोस्तोकपर्यंतच्या गाड्या मॉस्कोच्या वेळेने चालवल्या. सात तासांचा फरक, तरी नियम सर्वांना माहीत होता. एकच वेळ ठेवा किंवा स्थानिक ठेवा, दोन्ही चालते. चालत नाही ते मौन. सीमेपार जाणाऱ्या प्रत्येक तिकिटावर, प्रत्येक आकड्याशेजारी ‘भारतीय वेळ’ किंवा ‘नेपाळी वेळ’ असे दोन शब्द छापणे रेल्वे आणि बसमंडळांनी सक्तीचे करावे.