मळ्या

आमच्या सोनईच्या उसास मुळेच्या कालव्याचें पाणी मिळतें. परंतु त्या नदीच्या जुन्या रहिवाशांची ओळख आम्हां सुशिक्षितांच्या घरीं क्वचितच असते. मुळा हरिश्चंद्रगडाच्या डोंगरांत उगम पावते. सह्याद्रीच्या अशाच खडकाळ ओढ्यांत मळ्या नांवाचा, वीतभराहूनही लहान मासा राहतो. जेथें गुरांचे पाय ठरत नाहींत, तेथें हा स्थिर राहतो. ह्याच्या हनुवटीखालीं मांसल चकती असते. ती दगडास चिकटवून तो प्रवाह सोसतो व दगडावरील शेवाळ खरवडून पोट भरतो.

१८३९ सालीं कर्नल साइक्स ह्यांनीं दख्खनच्या माशांचें वर्णन लंडन येथें प्रसिद्ध केलें, तेव्हां येथील लोकांच्या तोंडचें हें नांवच त्यांनीं शास्त्रीय नामांत घेतलें. आजही शास्त्रज्ञ ह्यास ‘गारा मुल्या’ म्हणतात. आमच्या मुलांस मत्स्यावताराची कथा पाठ असते. मळ्या मात्र ठाऊक नसतो.

आम्ही मत्स्याहारी नाहीं, तेव्हां ह्या माशाशीं आमचा संबंध काय, असें कोणी म्हणेल. संबंध आहे. डोंगरावरील झाडी तुटली कीं माती ओढ्यांत उतरते, दगड गाळाखालीं जातात, आणि मळ्यास धरावयास कांहीं उरत नाहीं. तोच गाळ पुढें धरणांत बसतो व तितकें पाणी आमच्या शेतांस उणें होतें.

वाचकहो, सुटींत मुलांस गडावर न्याल तेव्हां ओढ्याकांठीं क्षणभर बसवा, मळ्या दाखवा, आणि त्यास त्याच्या मराठी नांवानें ओळखावयास शिकवा.