एमएसडब्ल्यूचा जमाखर्च
1936 साली मुंबईत सर दोराबजी टाटांच्या नावाने समाजकार्याचं रीतसर शिक्षण सुरू झालं. आज ते जिल्ह्याच्या गावीही मिळतं. एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीला, प्रवेश घेताना घरचे फक्त फी विचारतात. क्षेत्रकार्याचा खर्च कुणी धरत नाही: वस्तीवरच्या फेऱ्या, एसटीचं भाडं, बाहेरचं खाणं, रात्री जागून लिहायचे अहवाल. शिवाय दोन वर्षांची बुडालेली कमाई. पुढे नोकरी बहुधा प्रकल्पावरची, अकरा महिन्यांच्या कराराची. निधी आटला की पगार बंद. काम मात्र मोलाचं: रुग्णालयातला समाजसेवा अधीक्षक गरिबाच्या शस्त्रक्रियेसाठी ट्रस्टांचे उंबरठे झिजवून पैसे उभे करतो. अशा कामाला सेवाभावाच्या नावाखाली तुटपुंजं मानधन देणं हा सरळ अन्याय आहे. मुलांनो, कर्ज काढण्याआधी शिष्यवृत्तीचा अर्ज भरा, आणि गेल्या वर्षी बाहेर पडलेल्यांना पगार किती, हे कॉलेजला स्पष्ट विचारा.