गिरणीच्या जागेवरचं घर वांगणीला कसं पोचलं?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण आजरा, गडहिंग्लज, चंदगड, भुदरगड या पट्ट्यात ज्यांच्या घरातलं कुणी मुंबईच्या गिरणीत होतं (म्हणजे जवळजवळ प्रत्येक गावात कुणी ना कुणी), त्यांनी शेवटपर्यंत वाचावी.

गेल्या महिन्यात तीन-चार जणांनी एकच गोष्ट विचारली. शेलू-वांगणीचं घर घ्यायचं की नाही? व्हॉट्सॲपवर दोन ओळींत सांगण्यासारखं ते नाही, म्हणून इथे लिहितोय.

बंद पडलेल्या कारखान्याच्या जागेवर घरं बांधायला माझा विरोध नाही. उलट तीच जागा वापरावी. तिथे रस्ता असतो, पाणी असतं, स्टेशन असतं, शेतजमीन मोडावी लागत नाही. मुंबईत गिरण्यांची जमीन होती सुमारे ६०० एकर, तीही लालबाग, परळ, वरळी, भायखळ्याला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत कलम ५८ आलं. साधा हिशेब होता. गिरणीची जमीन विकसित करायची तर साधारण एक तृतीयांश महापालिकेला मैदानं-बागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेली मालकाला. ६०० एकरांचे तीन भाग केले तर म्हाडाचे किती होतात ते तुम्हीच बघा.

मग २००१ साली नियम बदलला. वाटणी पूर्ण जमिनीची नाही, फक्त 'मोकळ्या' जमिनीची. आता गिरणी ज्यांनी पाहिलीय त्यांना विचारा, मोकळी जागा होती कुठे? साचाखातं, त्रासनखातं, गोदाम, चिमणी, सगळं खेटून. समजा १५ एकरांची गिरणी आहे आणि १२ एकरांवर शेड आहेत. जुन्या नियमाने म्हाडाला ५ एकर मिळाले असते. नव्या नियमाने उरलेल्या ३ एकरांतला वाटा, म्हणजे जेमतेम एक एकर. शेड पाडली तरी तिच्याखालची जमीन वाटणीत येत नाही. एका शब्दाने केवढी जमीन फिरली बघा. याविरुद्ध जनहित याचिका झाली, २००५ मध्ये उच्च न्यायालयाने याचिकाकर्त्यांच्या बाजूने निकाल दिला. पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २००१ चा बदल कायम ठेवला. विषय संपला.

त्याच सुमाराला, २००५ मध्ये, राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने मुंबई टेक्स्टाइल मिलची साडेसतरा एकर जमीन ७०२ कोटींना विकली. ही सरकारी गिरणी, खाजगी मालकाची नव्हे.

आता कामगाराच्या पदरात काय पडलं? २०१२ ची लॉटरी ६,९२५ घरांची. २०१६ मध्ये २,६३४. त्याच वर्षी पनवेलजवळच्या कोनची २,४१७. ही घरं कोरोनात विलगीकरणासाठी वापरली गेली, मग दुरुस्तीत अडकली, आणि नंबर लागलेले लोक वर्षानुवर्षं चावीची वाट बघत बसले. २०२० मध्ये बॉम्बे डाइंग आणि श्रीनिवास मिलच्या जागेवरची ३,८९४. बेरीज १५,८७०. अर्ज किती? सुमारे पावणेदोन लाख. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली होती. त्यातला विशीतला पोरगा आज साठी ओलांडून गेलाय. बाकीच्यांचं काय सांगायचं.

उरलेल्यांसाठी मार्च २०२४ चा शासन निर्णय आला. शेलू आणि वांगणीला मिळून सुमारे ८१ हजार घरं. शेलू कर्जत तालुक्यात, वांगणी बदलापूरच्या पुढे. कामगाराने साडेनऊ लाख भरायचे. आणि त्यात १७ वं कलम असं, की हे घर नाकारलंत तर तुमचा हक्कच गेला! जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर मोर्चा झाला, तेव्हा कुठे ते कलम रद्द करण्याची घोषणा झाली.

सरकारची बाजू अशी की मुंबईत जागा उरली नाही. ती कशी संपली ते वर लिहिलंय. आणि तरीही, गिरणी गिरणीचा हिशेब (एकूण जमीन किती, मोकळी किती दाखवली, म्हाडाला किती मिळाली, त्यावर किती घरं उभी राहिली) एका कागदावर लोकांसमोर ठेवायला काय हरकत आहे? तो हिशेब आधी, शेलू-वांगणी नंतर, असं माझं स्पष्ट मत आहे.

मात्र घेणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. ज्यांचा मुलगा डोंबिवली-कल्याणला भाड्याने राहतो, त्यांना वांगणीचं घर उपयोगाचं ठरू शकतं. पण इथल्या सत्तरीतल्या माणसाने शेत गहाण टाकून साडेनऊ लाख उभे करावेत आणि घराला कुलूप लावून यावं, हे मला पटत नाही. त्याला परळमध्ये घर का हवं होतं? नातवंडांना शिकायला, नोकरी धरायला. पूर्वी गावाची खोली असायची ना, पाळीपाळीने झोपायची, तसा एक पाय मुंबईत हवा होता. वांगणीहून परळ लोकलने तास-दीड तास.

तेव्हा कुणी धाक दाखवला तरी घाईने सही करू नका. आधी पात्रता पक्की करून घ्या. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर गिरणीत कामाला असल्याचा पुरावा लागतो. तिकीट नंबर, लाल पास, ईएसआयचं कार्ड, फंडाचा नंबर, सर्व्हिस सर्टिफिकेट, जे असेल ते ट्रंकेतून बाहेर काढा, झेरॉक्स करून मूळ कागद घरीच ठेवा. कामगार वारले असतील तर वारसांचे कागद वेगळे. या कामासाठी म्हाताऱ्या माणसाला वांद्र्याला हेलपाटे का? तहसील कार्यालयात महिन्यातून दोन दिवस शिबिर घेतलं तर होण्यासारखं आहे. ही मागणी घेऊन पुढच्या आठवड्यात तहसीलदारांकडे जायचं ठरतंय.

त्याआधी आपल्या तालुक्यातली यादी हातात हवी. कमेंटमध्ये फक्त गाव, गिरणीचं नाव आणि खातं लिहा. तिकीट नंबर, आधार, फोन काहीही उघड्यावर टाकू नका, असल्या माहितीवर टपलेले एजंट भरपूर आहेत.