रक्तातील साखर आणि काट्याची मालकी

उसातील साखर कोणी मोजायची, या प्रश्नावर महाराष्ट्रातील शेतकरी गेली कित्येक दशके भांडत आला आहे. ऊस त्याचा, घाम त्याचा. परंतु वजनकाटा कारखान्याचा आणि साखर उतारा ठरविणारी प्रयोगशाळाही कारखान्याचीच. २०२४-२५ च्या गाळप हंगामात केंद्राने टनामागे ३,४०० रुपये हा रास्त आणि किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्यासाठी ठरविला होता, आणि त्यावरील प्रत्येक दशांश टक्क्याला वाढीव दाम होते. म्हणजे मोजमापात केसाएवढा फरक पडला, तरी गावच्या गाव नागवले जाऊ शकते. काटामारीविरुद्धची आंदोलने ज्यांनी केली आहेत, त्या कार्यकर्त्यांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही. मोजण्याचे साधन ज्याच्या हाती, त्याच्या हाती भाव ठरविण्याची सत्ता असते.

पुण्याच्या पूर्वेस मांजरी बुद्रुक येथे ऊस आणि साखर यांचे शास्त्र जोपासणारी मोठी संस्था उभी आहे. सहकारी साखर कारखान्यांनी ती १९७५ साली स्थापन केली आणि १९८९ पासून ती वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते. त्याच मांजरीच्या परिसरात लस बनविणारी सीरम इन्स्टिट्यूटही आहे. साखरेचे मोजमाप आणि शरीरात टोचावयाचे औषध या दोन्ही गोष्टी एकाच शिवारात नांदत असताना, या दोहोंना जोडणारा एक नवा प्रश्न मात्र आपल्या चळवळीच्या चर्चेत अद्याप आलेला नाही. तो म्हणजे माणसाच्या कातडीखाली बसून त्याच्या रक्तातील साखर रात्रंदिवस मोजणाऱ्या संवेदकांचा. ज्यांना आज सर्वत्र ‘सेन्सर’ म्हणतात त्यांचा.

या यंत्राची मूळ कल्पना जुनी आहे. १९६२ साली लेलँड क्लार्क या अमेरिकन शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यासह ती मांडली. ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचे विकर साखरेशी संयोग पावते, त्यातून रासायनिक बदल घडतो, आणि तो बदल विजेच्या सूक्ष्म प्रवाहाच्या रूपाने मोजता येतो. आजचा संवेदक दंडावर चिकटवतात. त्याचा केसासारखा बारीक तंतू कातडीखाली जातो आणि पेशींच्या भोवतीच्या द्रवातील साखर दर काही मिनिटांनी टिपतो. रक्तातील बदल या द्रवात थोडा उशिरा उतरतो, एवढी त्याची मर्यादा. असा संवेदक साधारण चौदा दिवस टिकतो. मग तो फेकून नवा लावायचा. याच्याही पुढचा प्रकार कातडीखाली पूर्णपणे रोवला जातो. तेथे साखरेच्या प्रमाणानुसार प्रकाशमान होणारे द्रव्य मापकाचे काम करते. अशा रोवलेल्या संवेदकाला अमेरिकेत २०१८ साली नव्वद दिवसांसाठी आणि २०२४ साली वर्षभरासाठी परवानगी मिळाली.

हे श्रीमंतांचे खेळणे आहे, असे म्हणून आपल्यापैकी काहीजण हा विषय बाजूला सारतील. ते चुकीचे होईल. ज्या मुलाच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, त्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहात दिवसातून चार-सहा वेळा बोट टोचावे लागते. एवढे करूनही मध्यरात्री साखर एकाएकी खाली गेली, तर झोपेतच शुद्ध हरपण्याचे भय असते. अशा घरातील आई रात्री दोन वेळा उठून मुलाच्या कपाळावर घाम आला आहे काय ते हाताने चाचपून पाहते. संवेदक अशा वेळी धोक्याची घंटा वाजवितो. जी वस्तू त्या आईला झोप देते आणि मुलाचा जीव राखते, तिला चैन म्हणणे हा समाजवाद नव्हे.

मग अडते कोठे? अडते किमतीपाशी. चौदा दिवसांच्या संवेदकाला आपल्याकडे चार-पाच हजार रुपये पडतात, म्हणजे महिन्याला आठ-दहा हजार. मांजरी-हडपसरच्या पट्ट्यात कंत्राटी काम करणाऱ्या मजुराच्या घरात एवढ्या पैशांत महिन्याचा किराणा आणि खोलीचे भाडे भागते. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर ही एकदाची खरेदी नाही, हा खंड आहे. कुळाने जमिनीसाठी दरसाल मालकाला द्यावा तसा तो रुग्णाने स्वतःच्या शरीराची खबर मिळावी म्हणून दर पंधरवड्याला कंपनीला द्यायचा, आणि तोही जन्मभर. आणि खंड देणाऱ्या गरिबांपेक्षा हौशी निरोगी माणूस अधिक बरा गिऱ्हाईक, हे ओळखून बाजार आता तिकडे वळला आहे. २०२४ साली अमेरिकेत इन्सुलिन न घेणाऱ्यांनाही डॉक्टरच्या चिठ्ठीविना असा संवेदक विकण्यास मुभा मिळाली. आपल्या शहरांतही जेवणानंतर साखर किती चढते ते पाहण्याची हौस वाढते आहे. ज्याला गरज त्याला परवडत नाही, आणि ज्याला परवडते त्याला गरज नाही!

हे अपरिहार्य नाही. इन्सुलिनचा शोध १९२१ साली टोरांटोत लागला. बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी त्याचे हक्क विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले होते. पुढे जगाचा इन्सुलिनचा बाजार मोजक्या तीन कंपन्यांच्या मुठीत गेला, हा दोष शास्त्राचा नव्हे. आपल्याकडेही फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीत बसविण्याच्या औषधयुक्त स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरविण्यात आली. त्याआधी त्याच स्टेंटसाठी रुग्णाकडून लाखाच्या वर रक्कम घेतली जात होती. किंमत बांधली तर उद्योग बुडेल, अशी ओरड तेव्हाही झाली होती. जुलै २०२१ मध्ये बोट टोचून साखर पाहण्याच्या ग्लुकोमीटरवरील व्यापारी नफ्यालाही सत्तर टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली. तोच न्याय संवेदकाला लावा, अशी मागणी करण्यात क्रांतिकारक असे काहीच नाही.

मांजरीनेच याबाबतीत एक धडा दिला आहे. १२ जानेवारी २०२१ च्या पहाटे सीरम इन्स्टिट्यूटमधून कोविशील्ड लसीचे पहिले ट्रक बाहेर पडले, तेव्हा केंद्र सरकारने ती दोनशे रुपये अधिक कर या दराने घेतली होती. तीन महिन्यांनी राज्यांसाठी चारशे आणि खासगी रुग्णालयांसाठी सहाशे असा दर जाहीर झाला. टीका होताच राज्यांचा दर तीनशेवर आला. लस तीच, कारखाना तोच. भाव बदलत होता तो घेणारा कोण, आणि तो किती मोठ्या संख्येने एकदम घेतो, यावर. सार्वजनिक खरेदीची ताकद ही अशी असते. संवेदकाचा रुग्ण मात्र आज औषधाच्या दुकानात एकटा उभा आहे.

देशात उत्पादन करता येणार नाही, असेही सांगितले जाईल. संवेदकातील ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर अ‍ॅस्परजिलस नायजर या काळ्या बुरशीपासून मिळविता येते. बुरशी वाढवून तिच्यापासून औषध काढण्याची विद्या पुणे जिल्ह्याला नवी नाही. १९५४ साली पिंपरीत स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने पेनिसिलिन बनवून दाखविले, आणि तो कारखाना जनतेच्या मालकीचा होता. त्याची पुढे जी उपेक्षा झाली ती विद्या अपुरी पडल्यामुळे नव्हे. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून आहे. माणसे आहेत, प्रयोगशाळा आहेत, निर्णय नाही.

किमतीहून अवघड प्रश्न नोंदींचा आहे. संवेदकाने टिपलेला प्रत्येक आकडा रुग्णाच्या फोनवर आणि तेथून बहुधा कंपनीच्या संगणकात जातो. केव्हा जेवला, केव्हा उपाशी राहिला, रात्रपाळीत शरीराचे काय झाले, हे सारे त्यात उमटते. हे आकडे विमा कंपनीच्या हाती पडले तर हप्ता वाढेल. मालकाच्या हाती पडले तर कंत्राट नवे होणार नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे आणि त्याचा डोलारा मुख्यतः ‘संमती’वर उभा आहे. फाटकावर कामासाठी रांगेत उभ्या असलेल्या मजुराची संमती म्हणजे काय, हे कामगार चळवळीला ठाऊक आहे. आंतरराष्ट्रीय कंपनीचे सोडा, आपल्याच साखर कारखान्याच्या काट्यावरची पावती शेतकऱ्याने किती वेळा मुकाट्याने घेतली?

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. यंत्र साखर किती ते सांगते, का ते सांगत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्याची मुळे शोधण्याचे मोठे काम पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत केले. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की तेथील नवजात बालकाचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साऊदॅम्प्टनच्या बालकाचे ३.५ किलो. तरीही किरकोळ दिसणाऱ्या आपल्या बाळात स्नायू कमी आणि चरबी मात्र तुलनेने राखलेली. म्हणजे पुढच्या मधुमेहाची बीजे आईच्या पोषणातच पेरली जातात. शेतात राबणाऱ्या गरोदर बाईच्या ताटात काय आहे, हे कोणताही संवेदक विचारीत नाही. ते खेड्यात वर्षानुवर्षे जाऊन, तिच्याशी बोलूनच कळले.

म्हणून संवेदकाची मागणी करताना ती सरसकट करण्यात अर्थ नाही. राज्याच्या आरोग्य योजनांचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांवर आहे. घरी राहून जन्मभर चालणारा आजार त्यांच्या चौकटीत नीट बसत नाही. मांजरी बुद्रुक ३० जून २०२१ रोजी पुणे महानगरपालिकेत आले, आणि त्याबरोबर तेथील आरोग्याची जबाबदारीही महापालिकेकडे आली. हडपसर-मांजरी भागातील कार्यकर्त्यांनी निदान एवढे करावे: इन्सुलिनवर जगणारी मुले या समाविष्ट गावांत किती आहेत, याची गणना महापालिकेकडून करवून घ्यावी. ही संख्या फार मोठी निघणार नाही. त्या सर्वांसाठी महापालिकेने एकत्रित खरेदी करावी, नोंदी महापालिकेच्या दवाखान्यात आणि पालकांच्या हाती राहतील अशी अट निविदेतच घालावी, आणि त्यासाठीची रक्कम येत्या अंदाजपत्रकात वेगळ्या शीर्षाखाली दाखवावी, असे निवेदन आयुक्तांकडे द्यावे.